अर्ध्या तासाची भाकरी



या व्याख्यानमालेत 'अन्नाचा आनंद' या विषयावर आम्ही बोलावे असे चालकांनी सुचविले, तेव्हा आमच्याच युनियनमधील काही मंडळींना हसू आले. युनियनवाल्याने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे. सहलीला जाऊन चार घास सुखाने खाणे, सावकाश चावून जेवणे, घरी काही भाजून मुलाबाळांना खाऊ घालणे या गोष्टींशी त्याचा काय संबंध, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही म्हणतो, फार निकटचा संबंध आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले. तेथे वाचलेले आणि गिरणगावात वाढताना पाहिलेले जुळवून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

जेवणाचे सुख तीन गोष्टींवर उभे असते : अन्न, सोबत आणि सवड. अन्नाची थोरवी संतांनी गायिली आहे, सोबतीची थोरवी प्रत्येक घरात ठाऊक आहे. सवडीचा मात्र कोणी हिशेब ठेवीत नाही. पाऊस जसा आपोआप पडतो तशी दुपारची सुट्टी आपोआप होते आणि रविवार आपोआप उगवतो, असे आपण धरून चालतो. या महाराष्ट्रात कामकरी माणसाच्या जेवणाचा अर्धा तास आणि त्याचा रविवार यांना जन्मतारीख आहे, आणि ती तारीख कोणी दानात दिलेली नाही.

गिरणीपूर्वी आमचे लोक जेवत कसे होते? कोकणात किंवा घाटावर शेतकऱ्याचे पोट पुष्कळदा अर्धेच भरे, हे विसरता कामा नये. गरिबीला सोन्याचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. पण भाकरी ज्वारीची असो की नाचणीची, ती खाण्याची वेळ औताच्या आणि उन्हाच्या मानाने ठरे. ऊन डोक्यावर आले की औत सुटे. कारभारीण डोक्यावर पाटी घेऊन बांधावर येई. बैल सावलीला, माणसे सावलीला. कांदा बुक्कीने फोडायचा, भाकरीवर चटणी घ्यायची आणि शेजारच्या शेतातल्याला हाक मारायची. जेवण संपल्यावर घटकाभर आडवे व्हायचे. हे सुख थोडके होते, पण त्यात घाई नव्हती.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली आणि १८५६ च्या सुमारास ती ताडदेवला चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या. रत्नागिरीतून, साताऱ्याहून, पुण्याकडच्या गावांतून माणसे आली. त्यांच्या जेवणावर आता उन्हाची सत्ता राहिली नाही, भोंग्याची आली. दिवा नव्हता तोवर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम मोठे. दुपारी यंत्र थांबलेच पाहिजे असा मोठ्या माणसांसाठी कायदा नव्हता. यंत्राकडे एक डोळा ठेवून आणि जोडीदाराला साचा सांभाळायला सांगून कामगार चार घास खाई. हवेत कापसाचे तंतू उडत, ते भाकरीवर बसत. ते झटकावे आणि खावे, किंवा न झटकता खावे.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्यामागे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सज्जनांची खटपट होती. पण तो १०० वा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरता होता आणि विचार करीत होता तो मुलांचा. सात वर्षांखालील मूल कामाला लावू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये, त्याला तासाभराची विश्रांती द्यावी, इतके त्यात होते. त्या मुलाच्या बापाने केव्हा जेवावे याविषयी कायदा मुका होता.

त्या बापाच्या बाजूने बोलला तो नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, जोतीरावांचा अनुयायी, 'दीनबंधू' पत्राचा संपादक. १८८४ साली त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. रोज दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. श्रोतेहो, या पाच मागण्यांत पगारवाढ नाही! त्या काळी पगार काही चांगला नव्हता. तरीही या माणसांनी पहिल्या दमात मागितली ती विश्रांतीची वेळ आणि जेवणाची वेळ. पोटात काय घालावे याच्याइतकाच, ते माणसासारखे कसे घालावे, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला होता.

सहा वर्षे अर्ज-विनंत्या चालल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्याने, साप्ताहिक सुट्टी सर्वांसाठी आली आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबविण्याचा नियम आला. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि त्यांना दीड तासाची विश्रांती दिली. कायद्याच्या पुस्तकात ही दोन-तीन कलमे आहेत. आम्हांस विचाराल तर महाराष्ट्राच्या पाकशास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे पान द्यावे लागेल. चव घ्यायला जी सवड लागते, ती या कलमांनी कामगाराच्या ताटात प्रथम वाढली.

मालकांच्या बाजूची एक तक्रार येथे नोंदविणे उचित होईल. १९०७-०८ साली कारखान्यांतील मजुरांविषयी जे कमिशन बसले, त्याच्यापुढे ही तक्रार वारंवार आली की इकडचा कामगार रेंगाळतो, यंत्र सोडून बाहेर जातो, मध्येच खातो, विडी ओढतो, अंघोळसुद्धा करून घेतो. त्या आधीची काही वर्षे ध्यानात घ्या. गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. सूर्य मावळला तरी यंत्र थांबेना. १९०५ च्या सुमारास दिवसाचे काम कित्येक ठिकाणी चौदा-पंधरा तासांवर गेले होते आणि त्यावर मुंबईत ओरड झाली होती. पंधरा तासांत एकदाच अर्धा तास! ज्या माणसाला घरी जेवायला वेळ उरत नाही, तो कामाच्या वेळेतच जेवणार. त्याला रेंगाळणे म्हणणारे स्वतः दुपारी किती वेळ टेबलाशी बसत होते, हे त्या कमिशनने विचारावयास हवे होते. मोठ्या पुरुषांच्या कामाला सरळ बारा तासांची मर्यादा घाला, असे वेगळे मत त्या कमिशनात डॉ. टी. एम. नायर यांनी नोंदविले, ही गोष्ट आदराने सांगितली पाहिजे.

पुढचा रस्ता थोडक्यात सांगतो. १९११ साली कापड गिरण्यांत बारा तास झाले. १९२२ साली दिवसाचे अकरा आणि आठवड्याचे ६० झाले. १९३४ च्या कायद्याने दिवसाचे दहा आणि आठवड्याचे ५४ आले. १९४६ साली आठवडा ४८ तासांवर आला. ते विधेयक मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले की पाच तासांपेक्षा अधिक काळ सलग काम घेऊ नये, मध्ये किमान अर्धा तास द्यावा. दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे जेवणाची खोली असावी, अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह असावे आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद असावी. १८८४ च्या अर्जापासून येथवर यायला ६४ वर्षे लागली. तंतू झटकून भाकरी खाणाऱ्याच्या नातवाला बसायला बाक मिळाला, आणि आमटी पातळ झाली तर विचारण्याचा हक्क मिळाला.

सवडीचा प्रश्न सुटला म्हणजे सोबतीचा आपोआप सुटतो असे मात्र नाही. गिरणीत यंत्र एक होते, पण पाण्याचे माठ वेगळे होते. साचेखात्यात धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्य मानलेल्याचे तोंड त्या दोऱ्याला लागू नये, म्हणून जास्त पगाराचे ते खाते त्याला बंद होते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. कामगारांची एकजूट सांगणाऱ्या आमच्या चळवळीला त्या प्रश्नाने मान खाली घालायला लावली, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. अर्ध्या तासाची सुट्टी सर्वांना मिळाली होती, पण एका पंक्तीत बसून ती घालविण्याचा हक्क सर्वांना मिळाला नव्हता. जेवणाचा आनंद मोजायचा असेल तर पंक्तीच्या टोकाला कोण बसले आहे आणि कोणाला बसूच दिलेले नाही, हे आधी पाहावे लागते.

आणखी एक हिशेब राहतो, तो चुलीपाशी बसणाऱ्या बाईचा. गिरणगावात एकट्या आलेल्या पुरुषांचे पोट खानावळीवर चाले. लहानशा खोलीत एक बाई दहा-वीस-तीस माणसांचे दोन्ही वेळचे रांधी. पाळ्या तीन, म्हणून चूलही तिन्ही पाळ्यांत पेटलेली. महिन्याचे पैसे पगाराला, किराणा मात्र उधारीवर. सावकाराचे व्याज तिच्या डाळ-तांदळाला लागे. जो अर्धा तास कायद्याने कामगाराला दिला, तो भाकऱ्या थापणाऱ्या या बाईला कोणत्याच कलमाने दिला नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र केले आणि सावकाराऐवजी बँकेच्या दारात नेले. आम्ही ते काम युनियनच्या कामाइतकेच मोठे मानतो. आपल्या घरात सगळे जेवून उठल्यावर मागे राहिलेले जी बाई खाते, तिच्याही बाबतीत हाच हिशेब लागू आहे.

आता रविवारकडे येऊ. रविवार हा ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा दिवस, तो आम्हाला कशाला, असे म्हणणारेही त्या काळी होते. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असे उत्तर लोखंडे यांनी दिल्याचे सांगतात. आठवड्यातला हा एक दिवस हाती आला, तेव्हा कामगाराने त्याचे काय केले? आधी झोप काढली. मग कपडे धुतले. काही गिरण्यांत यंत्रे पुसण्यात सकाळ गेली. पण हळूहळू तो घराबाहेर पडू लागला. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून होतीच. तेथे झाडाखाली बसायला पैसे पडत नसत. चौपाटीची वाळू होती, महालक्ष्मीची जत्रा होती, बोटीने घारापुरी होती. सोबत फडक्यात बांधलेल्या दशम्या, लसणाची चटणी, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी. परत येताना पोरांना भेळेची एक पुडी, तीही तिघांत वाटून.

सहलीची ही आवड काही साहेबाने शिकविली नाही. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसवायची आमची रीत जुनी आहे. थंडीत शेतावर हुरडा भाजायचा, निखाऱ्यात रोडगे आणि पानगे भाजायचे, हेही जुनेच. घरात रोज जे मिळते तेच झाडाखाली गोड लागते, हे आमच्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होते. गिरणीने ही रीत मोडली होती, रविवारने ती परत दिली. फक्त आवळ्याच्या जागी राणीच्या बागेतला वड आला.

घरच्या भाजणीची, म्हणजे भट्टीच्या पदार्थांची, गोष्टही येथेच येते. पाव हा शब्द आणि पदार्थ दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले. गोव्यात पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत. गोव्याच्या पोदेरांचे हात मुंबईच्या बेकऱ्यांत आले, मागून इराण्यांची हॉटेले आली आणि पाव कामगाराच्या सकाळच्या चहात बुडाला. त्याचे एक कारण चव हे असेल. पण दुसरे कारण असे की पाव तयार मिळतो, त्याला चूल पेटवावी लागत नाही आणि तो चालता चालता खाता येतो. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली असे सांगतात. वडापाव आम्हालाही आवडतो. पण ज्या शहराचे लाडके खाणे उभ्याने, एका हाताने, गाडीची वेळ पाहत खाण्याचे असते, त्या शहराजवळ सवड किती उरली आहे हे त्यावरून समजते.

याच्या उलट नानकटाई. ही सुरतेकडून आली. तेथील दोटीवाला घराण्याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. चाळीत भट्टी कोणाकडे असणार? म्हणून दिवाळीआधी घरोघरचा रवा, मैदा, साखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचे. बेकरीवाला पीठ मळी, पत्र्यावर गोळे मांडी आणि फक्त भाजणावळ घेई. आम्ही मुले डब्यावर नावाची चिठ्ठी लावून रांगेत तासन् तास उभी राहत असू. भट्टीतून पत्रा बाहेर आला की सगळ्या रांगेला वास येई. कोणाच्या डब्यात तूप जास्त, कोणाच्या वनस्पती, हे त्या वासावरून कळे. घरी आल्यावर आई प्रत्येकाच्या हातावर एकच ठेवी आणि म्हणे, "हळू खा, जिभेवर विरू दे." सावकाश खाण्याचा जो उपदेश आज पुस्तकांतून केला जातो, तो आम्हाला त्या एका नानकटाईने केला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षी दिवाळीला आमच्या आळीतली बेकरीची रांग लहान झाली. खानावळीतील माणसे गावी परतली आणि चुली थंड पडल्या. आता सवड भरपूर होती आणि अन्न नव्हते. तेव्हा नुसती सवड मागून भागत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. पगार आणि वेळ या एकाच भाकरीच्या दोन बाजू आहेत. एक बाजू कच्ची राहिली तर भाकरी पोटाला बाधते.

आमच्याकडे जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची, ताटाभोवती पाणी फिरविण्याची चाल होती. मुसलमान शेजारी अल्लाचे नाव घेई, ख्रिस्ती शेजारी प्रार्थना करी. धर्म निराळे, पण सर्वांत एक गोष्ट समान. ताट पुढे आल्यावर क्षणभर थांबायचे. हे कोणी पिकविले, कोणी दळले, कोणी रांधले, हे त्या क्षणात आठवायचे. घास बत्तीस वेळा चावावा असे म्हाताऱ्या माणसांनी सांगितले, तेही याच हेतूने. पण ज्याच्या मानेवर घड्याळ बसले आहे त्याला हा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टा आहे. आधी त्याचे घड्याळ उतरवा, मग उपदेश करा.

श्रोतेहो, हा इतिहास संपलेला नाही. २०२० साली संसदेने कामगारविषयक नव्या संहिता संमत केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. बारा हा आकडा आपण मघाशी १९११ सालात ऐकला. आज पाठीवर चौकोनी पिशवी बांधून दुचाकीवरून इतरांचे गरम जेवण वेळेवर पोचविणारी शेकडो मुले आपण रस्त्यावर पाहतो. आपल्या दाराशी येताना ती घड्याळाशी शर्यत करीत असतात. त्यांच्या स्वतःच्या जेवणासाठी कोणताही भोंगा वाजत नाही. बारा-बारा तास दारावर उभा असलेला पहारेकरी आपला डबा खुर्चीवर बसून, एक डोळा फाटकावर ठेवून खातो. १८८० च्या आधीचा गिरणी कामगार एक डोळा साच्यावर ठेवून असाच खात होता.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. आपण सहलीला जा, घरी नानकटाई भाजा, सावकाश चावून जेवा. हे सगळे हक्काने करा, कारण त्यासाठी ५,५०० माणसांनी कधी काळी सह्या केल्या आहेत. पण आपल्या कारखान्यात, कचेरीत, सोसायटीच्या फाटकावर आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात कोणाचा अर्धा तास बुडतो आहे याची चौकशी करा. जेवण घेऊन आलेल्या मुलाला घोटभर पाणी विचारा, आणि उशीर झाला म्हणून त्याची तक्रार करू नका. पहारेकऱ्याला जेवायला बसता यावे म्हणून अर्धा तास त्याच्या जागी कोणाला तरी उभे करा. घरातल्या बाईला पहिल्या पंक्तीला बसवा. तेवढे झाले तरी लोखंडे यांच्या अर्जाचे काम आपण पुढे नेले, असे आम्ही मानू.